शिकारी आणि वाटाड्या



'सफर' हा शब्द मराठी माणसाला परका नाहीं. अरबी भाषेंतून फारसीच्या वाटेनें तो मराठींत आला. तोच शब्द अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि तेथील स्वाहिली भाषेंत 'सफारी' होऊन स्थिरावला. स्वाहिलींत सफारी म्हणजे केवळ प्रवास. मग तो आजोळचा असो, बाजाराचा असो, वा सिंहाच्या मागावरचा असो. शिकारीचा अर्थ त्याला मागाहून, युरोपी शिकाऱ्यांच्या तोंडीं चिकटला. त्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मराठी प्रवाशाला अशा ओळखीच्या खुणा जागोजाग भेटतात. बंदुकीला तेथें 'बुंदुकी' म्हणतात, गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी'. धोक्याला 'हातारी' म्हणतात, आणि त्या शब्दांत खतऱ्याचा ध्वनि स्पष्ट ऐकूं येतो. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग घालण्यासाठीं १८९६ ते १९०१ ह्या काळांत हिंदुस्थानांतून तीस हजारांहून अधिक मजूर तेथें गेले, आणि १९२० पर्यंत त्या मुलुखांत चलनहि हिंदी रुपयाचेंच होतें.

ओळखीचे चार शब्द कानीं पडले कीं माणसाला वाटूं लागतें, भाषाच कळली. बाजारांत हा भास फार तर चार पैशांना महाग पडतो. जंगलांत, समोर जखमी जनावर आणि हातांत भरलेली बंदूक असतांना, तो प्राणावर बेततो. पूर्व आफ्रिकेंतील सफरींच्या इतिहासांत जनावराच्या क्रौर्यानें जेवढे घोटाळे झाले, त्यांच्याच तोडीचे घोटाळे एका माणसाचें बोलणें दुसऱ्याला नीट न कळल्यामुळें झालेले दिसतात. आजच्या भाषणाचा विषय हे दुसऱ्या प्रकारचे घोटाळे हा आहे.

प्रथम वेळेचेंच उदाहरण घ्या. स्वाहिली माणूस दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतो. आपल्या घड्याळांत सकाळचे सात वाजतात तेव्हां त्याच्या दिवसाचा पहिला तास झालेला असतो. दुपारचे बारा म्हणजे त्याचा सहावा तास. विषुववृत्ताजवळ दिवस व रात्र बारा महिने जवळजवळ सारखींच असल्यामुळें हा हिशेब तेथें वर्षभर चालतो. सूर्योदयापासून घटका मोजून मुहूर्त साधणाऱ्या मराठी घरांना त्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. परंतु शब्दकोश चाळून 'पांच वाजतां ये' एवढें वाक्य जुळविणाऱ्या परदेशी शिकाऱ्यानें तें शेजारच्या खेड्यांतील वाटाड्याला सांगितलें, तर तो बिचारा ऊन डोक्यावर आल्यावर, अकराच्या सुमारास हजर होणार! पहांटे पाण्यावर आलेले रानरेडे तोंवर दाट झाडींत केव्हांच दिसेनासे झालेले असतात. शिकारी म्हणतो, 'ह्या लोकांना वेळेची किंमत नाहीं.' वाटाड्या मनाशीं म्हणतो, 'ह्या साहेबाला भर उन्हांत शिकारीची हौस दिसते.' दोघेहि प्रामाणिक असतात, दोघांनींहि वेळ पाळलेली असते, आणि दोघेहि एकमेकांविषयीं चुकीचें मत घेऊन त्या दिवशींच्या कामाला लागतात.

ह्याच्या मुळाशीं एक गोष्ट आहे, ती पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. सफरींत दोन माणसें एका भाषेंत बोलत आहेत असें बाहेरून दिसतें. प्रत्यक्षांत तेथें तीन भाषांची उतरंड असते. पैसे भरून आलेला पाहुणा शिकारी इंग्रजी, जर्मन किंवा दुसरी एखादी युरोपी भाषा बोलतो. त्याला घेऊन जाणारा धंदेवाईक शिकारी इंग्रजी जाणतो आणि कामापुरती स्वाहिली बोलतो. बंदूकवाहक व माग काढणारे हे बहुधा वाकांबा, वाटा, दोरोबो अशा जमातींचे. त्यांची घरची भाषा निराळीच. स्वाहिली ही मूळची किनाऱ्यावरची भाषा. आंतल्या मुलुखांत ती साहेबालाहि परकी आणि मागकाढ्यालाहि परकी. म्हणजे जनावर ज्यानें पाहिलें त्याच्या मनांतली गोष्ट, ज्याला गोळी झाडावयाची त्याच्या कानापर्यंत पोंचेतों दोनदां वेष बदलते. आणि तेंहि कुजबुजत, वाऱ्याची दिशा संभाळीत, गुडघाभर गवतांत ओणवें होऊन!

गोऱ्या वसाहतवाल्यांनीं स्वाहिलीची जी मोडकीतोडकी पोटभाषा बनविली, तिला 'किसेट्ला' असें नांव पडलें होतें. ती मुख्यतः हुकमांची भाषा होती : आण, ने, थांब, मार. शंका विचारणें, दुरुस्ती सुचविणें, 'कदाचित्' म्हणणें ह्यांसाठीं तिच्यांत फारशी सोय नव्हती. शुद्ध स्वाहिलींत क्रियापदाच्या पोटांतच कर्ता, काळ आणि कर्म हीं तिन्ही दडलेलीं असतात. 'निमेम्पिगा' ह्या एका शब्दाचा अर्थ 'मीं त्याला मारलें आहे' असा होतो. वसाहतवाल्यांनीं पुढचे सर्व प्रत्यय झाडून टाकले आणि 'पिगा' एवढाच धातु शिल्लक ठेवला. मग 'पिगा' म्हणजे मार, मारला, मारतो कीं मारील? कोणी मारला, आणि कोणाला? हें सारें ऐकणाऱ्यानें आपल्या इच्छेप्रमाणें भरून घ्यावें! स्वयंपाकघरांत अशी भाषा चालून जाते. सिंहापासून चाळीस पावलांवर ती चालत नाहीं.

ह्याहून मोठा धोका नकारांत आहे. मराठींत 'मारूं नको' म्हणतांना नकार शेवटीं येतो आणि कानांत घुमत राहतो. स्वाहिलींत तो आरंभीं येतो. 'उसिपिगे' म्हणजे 'मारूं नकोस'. ज्याला 'पिगा' एवढेंच ठाऊक आहे, अशा उतावळ्या माणसाच्या कानांत ह्या शब्दाचा उत्तरार्ध तेवढा शिरला, तर मनाईचा हुकूम आज्ञा होऊन बसतो. जाणते शिकारी म्हणूनच ऐन वेळीं लांब शब्द वापरीत नाहींत. खांद्यावर हात ठेवला कीं थांबावयाचें, आणि हात उचलला कीं मोकळीक, असा संकेत ते आधींच ठरवून घेतात. हाताला व्याकरण नसतें, हा त्याचा मोठाच गुण.

'होय' हा शब्दहि दिसतो तितका सरळ नाहीं. 'तेथें सिंह नाहीं ना?' असें विचारलें असतां स्वाहिली माणूस 'न्दियो', म्हणजे 'होय', असें म्हणतो. त्याचा अर्थ 'होय, तुम्ही म्हणतां तें खरें, नाहीं'. मराठी माणूसहि 'हो, नाहीं' असें सहज बोलून जातो. इंग्रजाची रीत ह्याच्या उलट. 'येस' म्हटलें कीं तो 'आहे' असें समजतो. तेव्हां एका साध्या प्रश्नाच्या साध्या उत्तरानें एकजण बंदूक सरसावतो आणि दुसरा निश्चिंत मनानें पुढें पाऊल टाकतो. अंतराचीहि हीच कथा. 'करिबु' म्हणजे जवळ. पाहुण्याला 'या, आंत या' म्हणावयाचें झाल्यास तोच शब्द वापरतात. ज्या माणसाच्या पायांखालून रोज दहा कोस जातात, त्याचें 'जवळ' हें घोड्यावरून फिरणाऱ्याच्या 'जवळ'शीं कसें जुळावें? मावळांत वाट विचारणाऱ्या शहरी पाहुण्याला 'हें काय, त्या टेकाडाच्या पलीकडे' असें उत्तर मिळतें, आणि मग एकामागून एक तीन टेकाडें ओलांडावीं लागतात. सांगणारा खोटें बोललेला नसतो. त्यानें आपल्या पायांनीं मोजलेलें असतें.

आतां एक निराळाच गैरसमज पहा. त्यांत शब्द दोघांनाहि कळलेला असतो; पण त्या शब्दामागचें जग प्रत्येकाचें वेगळें असतें. 'न्यामा' म्हणजे मांस. आणि आंतल्या मुलुखांतल्या बोलींत शिकारीच्या जनावरालाहि 'न्यामा'च म्हणतात. साहेबानें 'न्यामा' म्हटलें कीं त्याच्या डोळ्यांपुढें शिंगें आणि भिंतीवर टांगावयाचें डोकें उभें राहतें. हमालाच्या डोळ्यांपुढें रात्रीची चूल येते. थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं आफ्रिकेंत गेले तेव्हां त्यांच्या तांड्यांत दोनशेंहून अधिक हमाल होते. एवढ्या माणसांचा पोटाचा प्रश्न बंदुकीच्या नळीशीं बांधलेला असे. शिवाय बंदूकवाहकांत पुष्कळजण मुसलमान असत. जनावराचा प्राण जाण्यापूर्वी विधियुक्त गळा कापल्याशिवाय त्याचें मांस त्यांना चालत नसे. म्हणून जनावर कोसळलें कीं सुरी उपसून धांवत सुटणें हें त्यांचें कर्तव्य होतें. शिकाऱ्याला वाटे, ह्या मूर्खानें मानेचें कातडें बिघडविलें, आणि अर्धमेल्या जनावराजवळ जाऊन स्वतःचा जीवहि धोक्यांत घातला. बंदूकवाहकाला वाटे, क्षणभर उशीर झाला तर एवढें मोठें मांस वायां जाईल आणि मंडळी उपाशी निजतील. ज्या सफरींत ही गोष्ट पहिल्या दिवशींच बोलून मोकळी केली जाई, तेथें गळ्यावर कोठें सुरी चालवावयाची हें ठरे आणि तंटा मिटे. जेथें बोलली जात नसे, तेथें महिनाभर दोन्ही बाजूंच्या मनांत अढी राही.

त्सावोच्या नरभक्षक सिंहांची हकीकत पुष्कळांच्या वाचनांत असेल. लोहमार्गाच्या पुलाचें काम चालू असतां १८९८ सालीं दोन सिंहांनीं मजुरांच्या तळावर अनेक महिने धुमाकूळ घातला. पुलाचे प्रमुख पॅटर्सन ह्यांनीं डिसेंबरांत दोन्ही सिंह मारले. आज त्या सिंहांचीं पेंढा भरलेलीं शरीरें शिकागो येथील फील्ड म्युझियममध्यें ठेवलेलीं आहेत. दुसऱ्या सिंहाच्या वेळचा प्रसंग ह्या विषयाला अगदीं लागू पडतो. रात्रीं गोळी लागून जखमी झालेल्या सिंहाचा पॅटर्सन दुसऱ्या दिवशीं माग काढीत निघाले. बरोबर माग काढणारा एक माणूस, आणि राखीव बंदूक घेतलेला माहिना नांवाचा बंदूकवाहक. सिंह झाडींत दिसला, गोळी सुटली, सिंह चालून आला. दुसऱ्या गोळीनें तो पडला आणि पुन्हां उठला. तिसरी गोळी वायां गेली. पॅटर्सन ह्यांनीं मागें न पाहतां राखीव बंदुकीसाठीं हात पसरला, आणि हातांत कांहींच आलें नाहीं! माहिना बंदुकीसह झाडावर चढलेला होता. मागोमाग पॅटर्सनहि झाडावर चढले. आधींच्या एका गोळीनें सिंहाचा मागचा पाय मोडला होता, म्हणूनच त्यांना तेवढी सवड सांपडली. वर पोंचल्यावर तीच बंदूक घेऊन त्यांनीं सिंहाला पाडलें. मग घाईनें खालीं उतरले, तों सिंह पुन्हां उठून अंगावर आला. शेवटच्या दोन गोळ्यांनीं त्याचा निकाल लागला.

१९०७ सालीं पॅटर्सन ह्यांचें पुस्तक निघालें, आणि माहिनाचें नांव जगाला माहीत झालें तें झाडावर चढलेला माणूस म्हणून. पॅटर्सन ह्यांनीं प्रसंग प्रांजळपणें लिहिला आहे. स्वतःच्या घाईवरहि त्यांनीं पांघरूण घातलेलें नाहीं. परंतु माहिनाची बाजू त्या पुस्तकांत नाहीं. बंदूकवाहकाच्या हातीं बंदूक असते खरी, पण ती झाडण्याची त्याला बहुधा मोकळीक नसे. मालकानें मागितली म्हणजे द्यावयाची, एवढेंच त्याचें काम. सिंह धांवत येत असतां, न झाडावयाची बंदूक धरून उभें राहणें हें गोळी झाडणाराच्या शौर्याहून कठीण काम आहे. तें करावयास माणूस तयार करावा लागतो. पगार ठरविल्यानें तो तयार होत नाहीं.

ह्याच्या उलट चित्र रूझवेल्ट ह्यांच्या सफरींत दिसतें. माउंट केन्याच्या परिसरांत त्यांनीं आपला पहिला हत्ती मारला. दुनळी बंदुकीच्या दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि नेमक्या त्याच क्षणीं डावीकडची झाडी दुभंगून दुसरा हत्ती अंगावर आला. रूझवेल्ट झाडाआड होऊन काडतुसें भरूं लागले. त्यांचा वाटाड्या कनिंगहॅम ह्यानें लागोपाठ दोन गोळ्या झाडल्या आणि हत्तीला वळविलें. तेथें ना हुकूम झाला, ना विचारणा झाली. एकाच्या नळ्या रिकाम्या असतां दुसऱ्याच्या भरलेल्या असाव्या, हें दोघांनाहि आधींपासून ठाऊक होतें. परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. कनिंगहॅम गोरा होता, रूझवेल्टशीं बरोबरीच्या नात्यानें बोलत होता, आणि स्वतःच्या निर्णयानें गोळी झाडण्याची त्याला मुभा होती. माहिनाला ह्यांतलें काय होतें? दोन प्रसंगांतला फरक केवळ दोन माणसांच्या धैर्यांतला नाहीं. तो त्यांना दिलेल्या अधिकारांतलाहि आहे.

शिकारींत सर्वांत अवघड प्रश्न गोळी सुटल्यानंतर येतो. तो प्रश्न म्हणजे, 'लागली का?' ह्याचें खरें उत्तर जमिनीवर लिहिलेलें असतें, आणि तें वाचतां येतें माग काढणाऱ्याला. रक्त फेंसाळ व तांबडेंलाल असेल तर गोळी फुप्फुसांत लागली, जनावर लांब जाणार नाहीं. काळपट असेल तर ती यकृताला लागली असण्याचा संभव. रक्तांत चघळलेल्या गवताचा अंश असेल तर गोळी पोटांत शिरली आहे, आणि पुढें कित्येक तासांचा धोकादायक पाठलाग आहे. आफ्रिकेच्या बहुतेक शिकारी मुलुखांत असा दंडक आहे कीं, रक्त सांडलें म्हणजे जनावर मारलें असें धरावयाचें आणि त्याचें शुल्क भरावयाचें. मग तें हातीं लागो वा न लागो. म्हणून 'लागली का?' हा प्रश्न पैशाचाहि होतो, आणि मानाचाहि होतो. पाहुणा म्हणतो, 'चुकली.' मागकाढ्या गवताच्या पात्यावरचा थेंब बोटानें दाखवितो. कोणाचें ऐकावें? थेंब खोटें बोलत नाहीं. पण थेंब दाखविणारा पाहुण्याच्या बक्षिसावर अवलंबून असतो, ही खरी अडचण आहे.

अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे १९३३ च्या अखेरीस सपत्नीक शिकारीला गेला. फिलिप पर्सिव्हल हा त्या काळचा नांवाजलेला धंदेवाईक शिकारी त्यांच्याबरोबर होता. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत हेमिंग्वेनें एका सिंहाची गोष्ट सांगितली आहे. सिंहावर पहिली गोळी पत्नीनें झाडली, मागून त्यानें स्वतः झाडली, आणि सिंह पडला. बंदूकवाहकानें जाहीर करून टाकलें कीं सिंह बाईसाहेबांनींच मारला. तळावरच्या माणसांनीं गाणीं म्हणत तिला मिरवीत तंबूपर्यंत नेलें. सिंह कोणाच्या गोळीनें पडला हें नवऱ्याला ठाऊक होतें, आणि तिलाहि मनांतून शंका होतीच. पण तो गोड समज मोडण्याची इच्छा कोणालाच नव्हती. त्या दिवशीं कोणाचें नुकसान झालें नाहीं. तथापि ज्या तोंडानें बाईसाहेबांना खूष करणारें 'होय' निघतें, त्याच तोंडानें उद्यां झाडींत जखमी रानरेडा दबा धरून बसला असतां 'नाहीं, पुढें जाऊं नका' असें ठासून निघेल, ह्याची हमी कोण देणार? गोड 'होय' ऐकण्याची संवय लागलेल्या कानांना कडू 'नाहीं' ऐकूं येत नाहीं.

येथें भाषेचा प्रश्न संपतो आणि सत्तेचा सुरू होतो. वाटाड्या चुकीचें सांगतो तो पुष्कळ वेळां अज्ञानानें नव्हे, तर भिडेनें. साहेबाचा नेम चुकला हें त्यानें पाहिलेलें असतें. साहेब चुकीच्या जनावरावर बंदूक धरीत आहे हेंहि त्याला दिसत असतें. परंतु होयबा होऊन राहिल्यानें नोकरी टिकते आणि खरें बोलल्यानें ती जाते, हा धडा त्याला फार लौकर मिळालेला असतो. वसाहतीच्या कायद्यांनीं ह्यांत भर घातली. त्सावोच्या प्रदेशांतील वाटा जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या विषारी बाणांनीं हत्तींची शिकार करीत आले होते. नव्या कायद्यांनीं त्यांची शिकार चोरी ठरविली, आणि १९५० नंतरच्या दशकांत त्यांच्यांतले पुष्कळजण तुरुंगांत गेले. त्याच रानांत परवाना घेऊन आलेल्या पाहुण्याची शिकार मात्र खेळ ठरली. ज्या माणसाला जंगलाचें अक्षरन्‌अक्षर वाचतां येतें, तोच त्या जंगलांत परवानगीवांचून बाण सोडूं शकत नाहीं. अशा स्थितींत त्यानें पाहुण्याला दुरुस्त करावें कोणत्या जोरावर?

चांगल्या धंदेवाईक शिकाऱ्यांना ही अडचण कळत होती. त्यांनीं १९३४ सालीं नैरोबी येथें आपला संघ स्थापन केला. त्याचें ब्रीदवाक्य लॅटिन भाषेंत होतें; त्याचा भावार्थ असा कीं, भीति नको आणि अविचारहि नको. जखमी केलेलें जनावर तसेंच टाकून परत यावयाचें नाहीं, ही त्यांच्या धंद्यांतली मोठी मर्यादा होती. तिचा भार नेहमीं तिघांवर पडे : धंदेवाईक शिकारी, बंदूकवाहक आणि मागकाढ्या. ज्याच्या गोळीनें जनावर जखमी झालें तो पाहुणा पुष्कळदां मागें, सुरक्षित जागीं बसविलेला असे. चूक एकाची आणि तिचें निवारण दुसऱ्याच्या जिवावर, असा हा व्यवहार होता.

हा व्यवहार अजून संपलेला नाहीं. २०१५ च्या जुलैंत झिंबाब्वे देशांत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर 'सेसिल' नांवाचा सिंह मारला गेला. तो सुमारें तेरा वर्षांचा होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं त्याच्या गळ्यांत ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधलेला होता. अमेरिकेंतील एका दंतवैद्यानें त्याला प्रथम बाणानें जखमी केलें, आणि कित्येक तासांनंतर त्याचा शेवट झाला. जगभर संतापाची लाट उसळली. तेव्हां त्या पाहुण्यानें सांगितलें कीं, शिकार कायदेशीर असल्याबद्दल आपण तेथील वाटाड्यांवर विसंबलों होतों. त्याचीं कागदपत्रें नियमानुसार असल्याचें सांगून सरकारनें त्याच्यावर खटला भरला नाहीं. खटला वाटाड्यावर भरला गेला, आणि २०१६ च्या नोव्हेंबरांत न्यायालयानें तो रद्द केला. कायद्याच्या दृष्टीनें प्रकरण तेथें मिटलें. परंतु 'मला सांगितलें म्हणून मीं बाण सोडला' आणि 'त्यांनीं मागितलें म्हणून मीं दाखविला' ह्या दोन वाक्यांच्या मध्यें एक सिंह मेला, हें कांहीं मिटत नाहीं.

आज जेथें सिंहाची शिकार कायद्यानें चालते, तेथेंहि वाटाड्याच्या डोळ्यावर पूर्वीपेक्षां अधिक भार आहे. टांझानियांत सहा वर्षांखालचा सिंह मारण्यास नियमाची आडकाठी आहे. सिंह कांहीं जन्मपत्रिका घेऊन फिरत नाहीं! आयाळीची दाटी पाहावी, नाकाचा रंग पाहावा. वय वाढतें तसे गुलाबी नाकावर काळे ठिपके वाढत जातात. हें दुर्बिणींतून, सांवलींत, हलत्या गवतांतून, आणि शेजारीं बोट घोड्यावर ठेवून उतावीळ झालेला पाहुणा असतां ठरवावयाचें! अशा वेळीं 'आणखी थोडें थांबा' हे तीन शब्द उच्चारण्यास जें धैर्य लागतें, तें गोळी झाडण्यास लागत नाहीं.

मग उपाय काय? जाणत्या लोकांनीं ते फार पूर्वीच शोधून ठेवले आहेत, आणि त्यांत कांहींच गूढ नाहीं. पहिल्या दिवशीं तळावर कागदाच्या निशाणावर बंदूक तपासून घेतात. पाहुण्याला वाटतें, हा आपल्या नेमाचा अपमान आहे. वास्तविक बंदुकीपेक्षां अधिक बारकाईनें वाटाड्या त्या वेळीं पाहुण्यालाच पारखीत असतो : हा घाई करतो का, सांगितलेलें ऐकतो का, चुकल्यावर कबूल करतो का? दुसरा उपाय असा कीं, होय-नाहींत उत्तर देतां येईल असा प्रश्नच विचारूं नये. 'लागली ना?' असें विचारलें कीं उत्तर आधींच ठरून जातें. 'कोठें लागली? कोणत्या पायावर लंगडत गेला? शेवटीं कोठें दिसला?' असें विचारलें म्हणजे सांगणाराला पाहिलेलेंच सांगावें लागतें. तिसरा उपाय, दिशा आपल्या अंगावरून न सांगतां जनावरावरून किंवा झाडावरून सांगावी. 'डावीकडचा तिसरा' म्हणतांच कळप हलतो आणि तिसरा पांचवा होतो. 'वाळलेल्या झाडाखालचा, शेंपूट हलविणारा' हा सहसा चुकत नाहीं. आणि चौथा उपाय सर्वांत स्वस्त असून सर्वांत दुर्मिळ आहे : वाटाड्यानें 'नाहीं' म्हटल्यावर त्या दिवशींचें त्याचें बक्षीस कमी करूं नये.

केन्यांत १९७७ च्या मे महिन्यांत शिकारीवर बंदी आली, आणि त्याच वर्षीं त्या जुन्या संघाचेंहि विसर्जन झालें. आतां तेथें बंदुकीच्या जागीं कॅमेरा आला आहे. पण जुनें संभाषण चालूच आहे. पाहुणा म्हणतो, 'आणखी जवळ घ्या.' मोटार हांकणाऱ्याला ठाऊक असतें कीं चित्ता शिकारीच्या पवित्र्यांत आहे, जवळ गेल्यास त्याचें सावज सुटेल आणि पिलें उपाशी राहतील. तरीहि तो मोटार पुढें घेतो. कारण मागच्या बांकावरून आलेल्या शब्दाला संध्याकाळीं किंमत येणार असते. गोळी सुटत नाहीं, रक्त सांडत नाहीं. म्हणून चूक झाली हें पाहुण्याला कळतहि नाहीं.

लंडनमधील रोलंड वॉर्ड ह्यांनीं १८९२ पासून मोठ्या शिकारींचीं नोंदपुस्तकें छापण्यास आरंभ केला. त्यांत शिंगांची लांबी आहे, घेर आहे, स्थळ आहे, आणि शिकाऱ्याचें नांव आहे. तें जनावर प्रथम कोणाच्या डोळ्यांना दिसलें, त्याचा माग कोणी काढला, आणि 'हाच तो' असें कोणी सांगितलें, ह्यासाठीं त्या तक्त्यांत रकाना नाहीं. शिकार साधली तर तिचें श्रेय त्या पानावर शिकाऱ्याच्या नांवापुढें जातें. ती फसली, म्हणजे मात्र वाटाड्याची आठवण सर्वांना अचूक होते.